मागच्या बाकावर झोपून बघा

जुनी गाडी घ्यायला आलेला माणूस आधी बॉनेट उघडतो. आतलं त्याला फारसं कळत नाही, पण उघडतो, मान डोलावतो, टायरला एक लाथ घालून बघतो आणि जाणकार झाल्यासारखा मागं सरकतो. दाभणकाकू यातलं काहीच करत नसत. त्या सरळ मागचं दार उघडून आत शिरायच्या, या टोकाला बसायच्या, त्या टोकाला बसायच्या, मग पाय वर घेऊन आडव्या व्हायच्या आणि म्हणायच्या, "हं, आता चालवा."

त्यांचं काम गाड्यांच्या सीटा शिवण्याचं. मोठ्या रस्त्याला लागून पत्र्याचं दुकान, आत दोन शिलाई मशिनं, भिंतीला रेक्झीनच्या गुंडाळ्या, कोपऱ्यात छतापर्यंत रचलेला फोम. हे काम त्या वडिलांकडून शिकल्या होत्या आणि लग्न होऊन आल्या तेव्हा एक मशीन सोबत घेऊनच आल्या होत्या. दाभण हे नाव लोकांनी ठेवलं ते हातातल्या हत्यारावरून, असं काकू सांगायच्या. लोक सांगायचे की जिभेवरून.

दुकानात एक लाकडी बाकडं होतं. त्यावर दिवसभर काका पडून असायचे. काकांनी बावीस वर्षं धरणाच्या सर्व्हेवाल्यांची गाडी चालवली होती. रस्ता नाही तिथं न्यायची, दगडाधोंड्यांतून, नदीच्या पात्रातून. त्या गाडीची सीट म्हणजे लोखंडी पाट आणि त्यावर बोटभर जाडीचं काहीतरी. शेवटी पाठीचे दोन मणके असे बसले की काकांना खुर्चीत अर्धा तास टेकवेना. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून विचारलं होतं, "रस्ता फार खराब होता का हो?" काकू मध्येच म्हणाल्या होत्या, "रस्ता होता तसा होता. सीट खराब होती." तेव्हापासून वाईट सीट दिसली की त्यांच्या डोक्यात तिडीक जायची, जणू ती सीट त्यांच्याच घरात शिरून बसली आहे.

त्याच रस्त्याच्या टोकाला धाकट्या दिराचा जुन्या गाड्यांचा अड्डा होता. दीर बोलण्यात गोड, दिसायला टापटीप, दगडाला पाझर फोडून त्यालाच गाडी विकेल असा. गाडी आली की तो धुऊन पुसून काकूंकडे पाठवायचा, काकू सीटा नव्या करायच्या, गाडी खपायची. चौदा वर्षं हे चाललं होतं. काका घरी बसल्यावर चूल पेटती राहिली ती बरीचशी याच कामावर, हे काकूंना ठाऊक होतं आणि दिरालाही.

एक दिवस त्याच्याकडे एक फोर-व्हील गाडी आली. हिरवीगार, उंच, छातीपर्यंत येणारी चाकं, टपावर चार दिवे. कुणा हौशी माणसानं डोंगर चढायला घेतलेली. दिरानं ती दुकानासमोर लावली आणि म्हणाला, "वहिनी, मागच्या सीटला नवं कव्हर चढवा. काळं, लाल शिवण घालून."

काकूंनी जुनं कव्हर काढलं आणि नाकाला पदर लावला. गाडी कधीतरी पाण्यात बुडालेली असणार. फोम कुजून त्याचा भुगा झाला होता, बाकाचा लोखंडी सांगाडा दोन ठिकाणी तडकलेला, तडा तारेनं आवळलेला.

"भाऊजी, हे सगळंच बदलावं लागेल."

"कशाला? हौशी माणूस घेईल. चार वेळा डोंगरात जाईल, फोटो काढील आणि उभी करून ठेवील. मागं बसतंय कोण? वरून तेवढं छान करा."

काकूंनी वरून तेवढं छान केलं. वर बोटभर नवा फोम पसरला म्हणजे हाताला मऊ लागेल, आणि कव्हर असं ताणून बसवलं की सुरकुती शोधून सापडू नये. दोन दिवस लागले. बाकड्यावरून काकांनी एकदाच विचारलं, "आत काय घातलंस?"

"होतं तेच."

काका भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. काकूंना ती पाठ त्या दिवशी बराच वेळ दिसत राहिली.

तीन आठवड्यांनी दवाखान्यातल्या सिस्टर आल्या. डोंगरापलीकडे नऊ वस्त्या होत्या, आणि त्या नऊ वस्त्यांना मिळून एक दोन खोल्यांचा दवाखाना. डॉक्टर आठवड्यातून दोनदा, बाकीचे दिवस सिस्टरच. वस्त्यांवर जायला ओढ्याच्या कोरड्या पात्रातून वाट होती. दवाखान्याची जुनी गाडी त्या पात्रातच कायमची बसली होती आणि आता गावकऱ्यांच्या कमिटीनं वर्गणी गोळा करून जुनी पण भक्कम गाडी घ्यायचं ठरवलं होतं.

"कमिटीतले सगळे गाडी चालवणारे, मागं बसून कुणी गेलेलं नाही," सिस्टर म्हणाल्या. "मी गेलेय, पेशंटचं डोकं मांडीवर धरून. म्हणून म्हटलं, तुम्ही या बघायला. शनिवारी बघायचीय. तुमच्या दिरांकडेच आहे. हिरवी, वर दिवे आहेत बघा."

काकूंच्या हातातली सुई रेक्झीनमध्ये अर्धी शिरून थांबली. त्याच क्षणी सांगून टाकता आलं असतं. जीभ वळली नाही. दिराची गाडी, स्वतःची शिवण, चौदा वर्षांचं काम, सगळं आड आलं. त्या एवढंच म्हणाल्या, "येते."

शुक्रवारी दीर दुकानात आला. चहा नको म्हणाला, यावरूनच काकूंनी ओळखलं.

"वहिनी, उद्या तुम्ही येताय म्हणे. या, अवश्य या. बसा, बरी आहे म्हणा आणि जा. घरचीच माणसं आपण."

"बरी असेल तर बरी म्हणेन."

"तुम्हाला कळतंय मी काय म्हणतोय ते. सीटा शिवणारे या रस्त्यावर आणखी दोघं आहेत. मी आजवर कधी तिकडं बघितलं नाही."

"भाऊजी, मला त्यांनी बोलावलंय. बोलवायचं नसेल तर तसं सांगा त्यांना. पण मी आले तर तोंड घेऊन येईन. ते काढून घरी ठेवायची सोय देवानं केलेली नाही."

दीर हसला नाही. संध्याकाळी ही गोष्ट सासूबाईंपर्यंत पोचली. त्या काकूंकडेच राहायच्या, पण जीव धाकट्यात. जेवताना म्हणाल्या, "आपलेच दात, आपलेच ओठ. धाकट्याच्या पोटावर पाय आणू नकोस."

काकूंनी ताटात बघत विचारलं, "आणि थोरल्याच्या पाठीवर अशाच सीटनं आणला, त्याचं काय?"

सासूबाई हात धुवायला उठल्या.

शनिवारी सकाळी अड्ड्यावर कमिटीची पाच माणसं होती. पुढारपण मास्तरांकडे. शाळेतून निवृत्त झालेले, हिशेबाला चोख, आवाज अजून वर्गातलाच. दिरानं गाडी अशी लखलखीत ठेवली होती की तिच्यात बघून भांग पाडावा. त्यानं इंजिन दाखवलं, चारी चाकं कशी ओढतात ते दाखवलं, अड्ड्यामागच्या राडारोड्याच्या ढिगावर गाडी चढवून वरून हात केला. मास्तर खूश झाले. ढिगावर उभी राहिलेली गाडी बघून कुणालाही वाटलं असतं, घ्यावी.

"यात कोण कुठं बसणार?" काकूंनी विचारलं.

"म्हणजे?" मास्तर म्हणाले.

"चालवणारा पुढं. सिस्टर कुठं? पेशंट कुठं? सिस्टर, तुमची पेटी घ्या आणि मागून चढा बघू."

सिस्टरांनी पेटी उचलली. पायरी त्यांच्या कमरेशी येत होती. मागच्या दारावर जादा चाक टांगलेलं, त्यामुळे दार उघडायला दोन हात लागत. पेटी खाली ठेवली, दार ओढलं, पुन्हा पेटी उचलली, पाय वर टाकला, घसरला. मास्तरांनी हात दिला तेव्हा कुठं आत गेल्या.

"आता उतरा. आणि दार आतून उघडा."

आतून उघडायला कडीच नव्हती.

"दिवस भरलेली बाई यात कशी चढायची?" काकू म्हणाल्या. "तुम्ही पाच जण रोज सोबत जाणार आहात का तिला वर ढकलायला?"

दीर म्हणाला, "वहिनी, ही डोंगराची गाडी आहे. उंच असणारच. नाहीतर खालून दगड लागतील."

"हे खरंय तुमचं," काकू म्हणाल्या. खरं होतं ते त्या नाकारत नसत. "खाली आणखी एक पायरी जोडता येईल. चाक टपावर टाकता येईल. ते सगळं होईल. आता मी आडवी होते. त्या ढिगावरून एकदा न्या. सावकाश नको, रोज जातील तशीच."

सत्तावन्न वर्षांच्या काकू लाल शिवणीच्या बाकावर आडव्या झाल्या. गाडी ढिगावर चढली, पलीकडे उतरली. दोनदा त्यांचं डोकं चाकावरच्या पत्र्याला लागलं. पाठीखालून धग येत होती, सायलेन्सर बरोबर बाकाखालून गेला होता. आणि दुसऱ्या दणक्याला कमरेखाली काहीतरी कट् करून वाजलं. ते काय वाजलं हे त्या गाडीत त्यांना एकटीलाच माहीत होतं.

त्या उतरल्या तेव्हा केस विस्कटलेले, एक चप्पल आतच. मास्तर समजुतीनं म्हणाले, "थोडं तर लागणारच, बाई. ही काय पालखी आहे?"

"पूर्वी डोंगरातला आजारी माणूस झोळीत घालून खांद्यावरून आणायचे. आम्ही लहानपणी बघितलंय. झोळीत त्याची हाडं मोडत नव्हती. गाडी झोळीपेक्षा वाईट असेल तर गाडी कशाला घेताय? वर्गणी परत करा आणि दोन दणकट खांदे बघा."

"सीट तर नवीकोरी दिसतेय," कमिटीतला एक जण हात फिरवून म्हणाला. "मऊ आहे की."

दीर काकूंकडे बघत होता. नजरेत विनवणी होती आणि धमकीही, दोन्ही सारख्याच. काकूंनी पिशवीतून कात्री काढली.

"ही शिवण माझी आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून मीच उसवते."

त्यांनी बाकाच्या कडेला कात्रीचं टोक घातलं आणि एका ओढीत हातभर टाके उडवले. रेक्झीन मागं सारलं. वरचा पांढरा पातळ थर उचलला तसा आतून तपकिरी भुगा गाडीच्या स्वच्छ तळावर सांडला. सांगाडा उघडा पडला. तार मघाच्या दणक्यात तुटली होती आणि तडकलेली नळी दोन बोटं वर आली होती.

"ही नळी वर येते तिथं पेशंटची कंबर येते," काकू म्हणाल्या. "भाऊजींनी झाका म्हणून सांगितलं, पण हात माझे होते. मी झाकलं. ते चुकलं. आता माझ्यावर विश्वास ठेवायचा का नाही ते तुम्ही ठरवा, पण ही गाडी घेऊ नका."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. दिराचा चेहरा पांढरा पडला होता. तो हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, आजपासून तुमचा माझा संबंध संपला."

काकूंनी फाडलेलं कव्हर नीट घडी घालून बॉनेटवर ठेवलं, आतली चप्पल काढून पायात घातली आणि चालू लागल्या. रस्ता लांब होता.

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. दिराचं काम थांबलं ते थांबलंच, पण गाड्या विकणारे बाकीचेही या दुकानासमोरून मान वळवून जायला लागले. आपलीच शिवण गिऱ्हाइकासमोर उसवणारी बाई कुणाला हवी? काकूंनी न्हाव्याच्या खुर्च्या शिवल्या, सायकलींची खोगिरं शिवली, शाळेच्या दप्तरांचे पट्टे लावून दिले. सासूबाई अकरा दिवस बोलल्या नाहीत. मीठ हवं असलं तरी काकांना सांगायच्या, आणि काका ते काकूंना सांगायचे, तिघंही एकाच पाटाच्या अंतरावर बसून. बाराव्या दिवशी काका म्हणाले, "आई, मी काही टपालवाला नाही. मीठ तिच्याकडे माग." मग सासूबाईंनी मागितलं.

शेजारणीनं समजावलं, "दिराकडे जाऊन दोन शब्द गोड बोल. त्यात काय जातंय?"

"काय जातंय ते मला माहितीये," काकू म्हणाल्या. "एकदा गेलं होतं. परत आणायला केवढा ताण पडला."

महिनाभरात मास्तर दुकानात येऊन उभे राहिले. ओशाळलेले होते, पण चिडलेलेही. "तुम्ही ती मोडीत काढलीत. बरं केलंत. पण आता आम्हाला गाडी कोण देणार? तुम्ही मोडलीत, तुम्हीच शोधा."

"शोधते."

आणि काकूंनी खरोखरच शोध सुरू केला. सुट्टीच्या दिवशी सिस्टर आणि काकू मिळेल त्या वाहनानं जायच्या, सात गाड्या बघितल्या. एकीचं सगळं चांगलं होतं, पण खिडकीच्या काचा उघडत नव्हत्या आणि आत उलटी करणारा माणूस असतो हे विकणाऱ्याला सांगावं लागलं. एकीत माणूस झोपला तर पाय दाराबाहेर. एक इतकी आवाज करायची की सिस्टर म्हणाल्या, "यात पेशंट काय सांगतोय ते मला ऐकूच येणार नाही." विकणारे वैतागायचे. एक जण म्हणाला, "बाई, तुम्हाला गाडी हवीय का पलंग?" काकू म्हणाल्या, "डोंगर चढणारा पलंग असेल तर दाखवा."

आठवी गाडी विजेच्या तारा ओढणाऱ्या कामगारांची होती. रंग उडालेल्या पिवळ्या भिंतीसारखा, टपावर ठिगळ, दिवे साधे. पण लांब होती. मागं दोन दारं दोन्हीकडे पूर्ण उघडत, पायरी गुडघ्याच्या खाली, सायलेन्सर बाजूनं काढलेला. चढाला चारी चाकं ओढत होती, घाई मात्र तिच्या स्वभावात नव्हती.

मास्तर म्हणाले, "ही बघून लोक हसतील."

"हसू दे. दवाखान्यात हसत आलेला माणूस मी अजून बघितला नाही."

काकूंनी ती लगेच घेऊ दिली नाही. दुसऱ्या दिवशी काकांना दुकानातल्या बाकड्यावरून उठवलं. काका सहा वर्षांत कुठल्या गाडीत चढले नव्हते. "अगं, मला कशाला?"

"माझी पाठ धडधाकट आहे, तिला काही कळत नाही. तुमचीला कळतं."

ड्रायव्हर नसेल तेव्हा सिस्टरच गाडी चालवायच्या, आजही त्याच चालवायला बसल्या. मागं एक सतरंजी, त्यावर काका. काकू त्यांच्या उशाशी. ओढ्याच्या पात्रातून पाऊण तासाची वाट. काका छताकडे बघत होते, ओठ घट्ट मिटलेले, मुठी वळलेल्या. अर्ध्यावर त्यांनी एकदम हात वर केला. "थांबवा."

सिस्टरांनी गचकन थांबवली. नवऱ्याच्या मणक्यांचा आपण हट्टापायी सत्यानाश केला, असं काकूंना वाटून गेलं.

काका म्हणाले, "डावीकडचा मागचा शॉकअप गेलाय. खड्ड्यातून निघाली की एका अंगानं डुलते. तो बदलून घ्या." मग जरा थांबून म्हणाले, "बाकी मला काही झालेलं नाही. चला, पुढं घ्या." आणि मुठी सोडून त्यांनी हात डोक्याखाली घेतले.

ती गाडी दवाखान्यानं घेतली. काकूंनी तिचा बाक पंधरा दिवस खपून केला. खाली कडक फोम, वर मऊ, कारण नुसता मऊ असला की माणूस रुतून तळाला लागतो. बाक उचलून तसाच दवाखान्यात नेता येईल असा सुटा, दोन्ही टोकांना धरायला मुठी, पेशंट घसरू नये म्हणून छातीवर आणि मांडीवर रुंद पट्टे. दाराशी म्हाताऱ्या हाताला सापडेल अशा उंचीवर एक दांडी. चाकावरच्या पत्र्याला जाड गादी. रंग मळखाऊ. या वेळी काकांनी आत काय घातलंस असं विचारलं नाही. बाकड्यावरून उतरून, भिंतीला टेकून उभे राहून ते फोमचे तुकडे हाताशी देत होते.

पहिल्याच महिन्यात लांबच्या वस्तीवरून एक दगड फोडणारा माणूस आणला. मांडीचं हाड मोडलेलं. वर्षभरापूर्वी असंच एकाला आणलं होतं तेव्हा त्याच्या किंकाळ्या सिस्टरांच्या कानात आठवडाभर राहिल्या होत्या. हा वाटभर शिव्या देत होता, आधी दगडाला, मग मुकादमाला, मग सिस्टरांच्या चालवण्याला. शेवटच्या वळणावर आवाज येईना म्हणून सिस्टरांनी घाबरून मागं बघितलं, तर तो घोरत होता. सिस्टरांनी हे दुकानात येऊन सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं, "बरं," म्हणाल्या आणि मशीन चालू केलं.

पुढं ही गोष्ट पसरली. लोक जुनी गाडी घ्यायच्या आधी काकूंना न्यायला यायला लागले. शेतावर म्हातारी आई नेणारे, जंगलात कामगार पोचवणारे, एक तर जनावरांचा डॉक्टर, त्याला गाडीत वासरू मावेल का ते बघायचं होतं. काकू सगळ्यांना एकच सांगायच्या: "तुमच्या घरातलं सगळ्यांत दुखरं माणूस सोबत आणा. त्याला मागच्या बाकावर झोपवा." गाड्या विकणारे त्यांच्या नावानं बोटं मोडत. काकू म्हणायच्या, बोटं त्यांचीच आहेत, मोडू द्या.

दिरानं ती हिरवी गाडी शेवटी कुणा हौशी माणसाला विकली. फाटका बाक दाखवून, कमी भावात विकली असं कानावर आलं. तो दुकानात आला तो दहा महिन्यांनी. एक करडी गाडी समोर उभी केली आणि उंबऱ्याबाहेरच थांबला.

"मागची सीट करायचीय."

"आत काय आहे?"

"उघडून बघा."

"बघणारच आहे. गिऱ्हाईक ठरलंय का?"

"ठरल्यासारखं आहे."

"मग त्याला घेऊन या. त्याच्यासमोर उघडेन, त्याच्यासमोर भरेन, त्याच्यासमोर शिवेन."

"असं कुठं करतात का, वहिनी?"

"इथं करतात."

दीर गाडीत बसला आणि निघून गेला. सासूबाई आतून सगळं ऐकत होत्या. त्यांनी काकूंना विचारलं, "परत येईल का तो?"

"नाही आला तर न्हाव्याच्या अजून दोन खुर्च्या आहेत," काकू म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी तो आला. सोबत एक जोडपं होतं, बाईच्या कडेवर मूल. काकूंनी जोडप्याला स्टुलं दिली, काकांना बाकड्यावर सरकायला सांगितलं, आणि टाके उसवायला घेतले. रेक्झीन मोठं होतं, एका हाताला आवरेना. काकूंनी त्याचं एक टोक न बघताच दिराकडे धरलं. त्यानं घड्याळ काढून खिशात ठेवलं, बाह्या वर सारल्या आणि टोक धरून उभा राहिला.